तांब्याचे दोनशे गोळे

इंद्रजित पाईकराव मुळात तापट माणूस नव्हता. शाळेत असताना तर त्याला सगळे गरीब गाय म्हणायचे. त्याचं डोकं फिरवलं ते तांब्यानं, आणि काही शिल्लक राहिलं असेल तर ते उमरखेडच्या लाइटनं.

तो उमरखेडच्या एका कॉलेजात तासिकेवर फिजिक्स शिकवायचा. तासिकेवर म्हणजे दर जुलैत आपण या कॉलेजात पहिल्यांदाच आलो असं तोंड करून मुलाखतीला बसायचं आणि मार्च संपला की घरी. अशी अकरा वर्षं गेली. कायम व्हायचं तर पीएच.डी. पाहिजे, आणि पीएच.डी.ची नोंदणी करून नऊ वर्षं झालेली. मुदत दोनदा वाढवून घेतली होती, तिसऱ्यांदा वाढत नाही. आता ऑक्टोबरच्या आठ तारखेला अमरावतीला समितीपुढं काम मांडायचं होतं. त्या दिवशी ते मांडता आलं नाही, किंवा मांडून पटलं नाही, तर नोंदणी रद्द आणि नऊ वर्षं पाण्यात. वय अडतीस. पुन्हा पहिलीपासून सुरू करायचं हे वय नव्हे.

काम काय, तर तांब्याच्या पृष्ठभागावर तांब्याचे बारीक गोळे पाडायचे. खरे नाही, कॉम्प्युटरच्या आत. एका गोळ्यात पाचशे एकसष्ट अणू. प्रत्येक अणू शेजारच्याला किती ओढतो, किती ढकलतो, याचा हिशेब यंत्र क्षणाक्षणाला करत राहतं, आणि तो क्षण म्हणजे सेकंदाचे इतके तुकडे, की ते सांगायला लागलं की समोरचा माणूस मोबाइल काढतो. गोळा जोरात आदळला तर चपटा होतो, पसरतो, त्याचे अणू खालच्या थरात घुसतात. हळू आला तर ढिगासारखा बसून राहतो आणि दोन ढिगांच्या मध्ये पोकळी राहते. असे एकावर एक दोनशे गोळे पाडले की तांब्याचा पातळ थर होतो. तो थर भरीव झाला की पोकळ राहिला, हे मोजायचं. जोराचे दोनशे झाले होते, मधल्या वेगाचे दोनशे झाले होते. हळू पडणारे तेवढे राहिले होते.

एक गोळा पडून निवांत बसायला यंत्राला तीन तास लागायचे. म्हणजे दिवसाला आठ, आणि दोनशेला पंचवीस दिवस. पंचवीस दिवस यंत्र रात्रंदिवस राबणार, आणि तेवढ्यात आतल्या तांब्याचा जो काळ सरणार तो डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. हे वाचून कोणाला हसू येत असेल तर येऊ द्या. इंद्रजितला यायचं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती.

याचा उपयोग काय, हे त्याला सगळ्यांनी विचारून झालं होतं. सासऱ्यानं लग्नाच्या बैठकीतच विचारलं. सुरुवातीला तो मन लावून सांगायचा की मोबाइलच्या पोटात असे धातूचे थर असतात, ते कसे बसतात हे आधी कळलं तर बरं असतं वगैरे. मग लोक म्हणायचे, म्हणजे तुम्ही मोबाइल रिपेअर करता का. तेव्हापासून त्यानं सांगणं सोडलं. फक्त आईला, वच्छलाबाईला, एकदा अंगणात बसून सगळं नीट सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग गोवऱ्याच झाल्या की बापा. हळू ठेवला त शेणाचा पो तसाच राह्यते, जोरात हाणला त भिताडाले चिपकते." नऊ वर्षांचं काम बाईनं एका दमात उरकलं आणि पुन्हा शेंगांना लागली. त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. पण त्याला राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

आता विघ्नं ऐका. पहिल्या वेळी चाळिसाव्या गोळ्याला लाइट गेली. दुसऱ्या वेळी एकशे दहाव्याला. यंत्र मध्येच पडलं तरी जिथं होतं तिथून पुढं चालू करायची सोय असते, हे त्याला तिसऱ्या वर्षी कळलं, तोवर दोन्ही वेळा पहिल्यापासून. मग इन्व्हर्टर आणला, बॅटऱ्या आणल्या. तर बॅटरीचा प्लग काढून कोणीतरी तिथं मोबाइल चार्जिंगला लावला. मग बडे बाबू पंजाबराव परीक्षेचे फॉर्म छापायला त्याच यंत्रावर बसले आणि त्यांनी चालू काम बंद केलं. विचारलं तर म्हणाले, काही चालू नव्हतं हो, नुसते लाल गोळे दिसत होते. सोय असल्यामुळं काम बुडायचं नाही, पण दिवस बुडायचे, आणि बुडालेला दिवस कुठल्या फाइलीत साठवून ठेवता येत नाही. शेवटी इंद्रजितनं जाड मार्करनं कागद लिहिला, "हे यंत्र कोणत्याही कारणाने बंद करू नये", आणि यंत्राच्या कपाळावर चिकटवला. तरी दर दोन तासांनी तो जाऊन बघून यायचा. वर्गात शिकवतानाही त्याचा एक कान पलीकडच्या पंख्याच्या घरघरीवर असायचा.

या सगळ्यात त्या यंत्राची काळजी करणारा दुसरा माणूस एकच, लॅब अटेंडंट धावजी राठोड. पुसद रोडवरच्या तांड्यावरचा. तेहतीस वर्षं नोकरी झालेली, दोन वर्षं राहिलेली. सगळे त्याला धावजीमामा म्हणायचे. चार्जरवाल्या पोरांना हाकलायचं काम तोच करायचा. यंत्राच्या मागची जाळी दर शनिवारी ब्रशनं साफ करायचा, कारण दिवाळीच्या सुमाराला कापसाची गाडी रस्त्यानं गेली की तंतू उडून जाळीत बसतात. इंद्रजित नसला की संध्याकाळी पडद्यावरचा आकडा वाचून फोन करायचा. "सर, एकशे अठरा." एवढंच बोलायचा आणि ठेवून द्यायचा.

तर यंदा अकरा सप्टेंबरच्या उत्तररात्री हळू गोळे पडायला लागले. इंद्रजितनं बोटांवर मोजलं, कॅलेंडरवर मोजलं, बायकोकडून मोजून घेतलं. काही विघ्न आलं नाही तर सात तारखेच्या पहाटे दोनशे पुरे. सकाळी आकृत्या काढायच्या, दुपारची अमरावतीची बस धरायची, आठला समिती. मध्ये एक तासही इकडचा तिकडं करायला जागा नव्हती.

मध्ये होता दसरा. इंद्रजितच्या घरी दसरा म्हणजे नागपूर. आज्यानं छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्या दिवशी घरातलं कोणी ना कोणी दीक्षाभूमीवर जातंच, आणि वच्छलाबाई तर एकही साल चुकली नव्हती. यंदा तिचे गुडघे गेले होते, एकटीला पाठवणं शक्य नव्हतं. जावं की न जावं यात त्यानं चार दिवस घातले. शेवटी मंगळवारी सकाळी आईला घेऊन निघाला. त्याआधी वॉचमनला सांगितलं, झाडणाऱ्या बाईला सांगितलं, पंजाबरावांना हात जोडून सांगितलं, बॅटऱ्यांत पाणी घातलं, धावजीमामाला तीनदा बजावलं. लाइट, उंदीर, फॉर्म, चार्जर, सगळ्याचा विचार केला. खंडेनवमीचा विचार त्याच्या डोक्यात आला नाही. कसा येणार? त्याच्या घरी नांगराची, विळ्याची, कशाची पूजा त्यानं कधी पाहिलीच नव्हती.

बुधवारी सकाळी धावजीमामाचा फोन आला, एकशे चोपन्न. इंद्रजितचा जीव भांड्यात पडला. बुधवारी संध्याकाळपासून गुरुवारभर दीक्षाभूमीवर एवढी गर्दी की फोन लागेना. शुक्रवारी धावजीमामा तांड्यावर, तिथं रेंज नाही. शुक्रवारी उशिरा मायलेक घरी पोचले. शनिवारी दुपारी इंद्रजित कॉलेजात गेला, आणि लॅबच्या दारातच त्याला कळलं. घरघर नव्हती.

यंत्र धुतल्यासारखं स्वच्छ होतं. त्याला झेंडूची माळ होती. पुढं नारळ होता, वर आपट्याची दोन पानं. हळदीकुंकवाची बोटं यंत्राला लावलेली होती आणि "बंद करू नये" या कागदालाही लावलेली होती. शेजारच्या जुन्या तराजूला, टेस्टिंगच्या पेटीला, पाण्याच्या मोटरीला, सगळ्यांना एकेक फूल. कागदाखाली धावजीमामाच्या अक्षरात पेन्सिलनं लिहिलेलं होतं, बुधवार, अकरा वाजता, एकशे पंचावन्न. बुधवारी अकरा वाजल्यापासून यंत्र बंद होतं. तीन दिवस पाच तास, म्हणजे पंचवीस गोळे. सात तारखेला दोनशे व्हायचे ते आता एकशे पंचाहत्तर-शहात्तर होणार होते.

धावजीमामा त्याच्या मागोमाग आला. चेहऱ्यावर समाधान होतं, हे सगळ्यात वाईट. आपण काही चुकीचं केलं हे त्याच्या गावीही नव्हतं. इंद्रजितनं कागदाकडं बोट दाखवलं आणि विचारलं की हे वाचलं नाही का.

"वाचलं न सर," धावजीमामा म्हणाला. "पण कागद रोजच्यासाठी आहे. खंडेनवमी का रोज येते? चालू मशीनची पूजा करत नसतेत. आणि पूजा झाल्यावर दसऱ्यापर्यंत तिले आराम द्याव लागते, मंग चालू कराले तुम्ही आहातच. कॉलेजातल्या साऱ्या यंत्रात तुमचंच यंत्र जास्त राबते, तेच बिनपूजेचं कसं ठेवू?"

आता अशा माणसावर रागावायचं तरी कसं? शहाणा माणूस असता तर कपाळाला हात लावून यंत्र चालू केलं असतं. पण नऊ वर्षांचा ताप एका जागी साठला होता आणि समोर दुसरं कोणी नव्हतं. इंद्रजित ओरडला. त्याचा आवाज ऑफिसपर्यंत गेला, पंजाबराव दारात येऊन उभे राहिले, तरी तो थांबला नाही. माझं आयुष्य संपवलं म्हणाला. तेहतीस वर्षं खडू-डस्टर उचलण्यात गेली आणि निघाले कॉम्प्युटरचं डोकं चालवायला, असं म्हणाला. आणि मग म्हणाला, "या यंत्राले हात लावायची तुमची लायकी तरी आहे का?"

धावजीमामानं नारळ उचलला, माळ काढली, पिशवीत घातली आणि बाहेर गेला.

वाक्य तोंडातून गेलं तेव्हाच इंद्रजितला ते ऐकू आलं. हे वाक्य त्याचं नव्हतं. त्याचा बाप देवराव हे वाक्य ऐकत ऐकत म्हातारा झाला होता, गावच्या विहिरीवर, हॉटेलातल्या कपाला, पाटलाच्या बैलगाडीच्या जुवाला. शब्दाला शब्द हेच. आणि ते बोलणारा माणूस आदल्या दिवशी कुठून आला होता? त्याला शरम वाटली, चांगलीच वाटली. पण शरमेला वेळ द्यायला त्याच्याकडं वेळ नव्हता. त्यानं बटण दाबलं, एकशे पंचावन्नवा गोळा पुन्हा खाली यायला लागला, आणि मामाशी उद्या बोलू असं त्यानं स्वतःला सांगितलं.

उद्या रविवार होता. सोमवारी धावजीमामा आला, पण लॅबच्या आत आला नाही. बाहेर स्टूल टाकून बसला. चहा दारातून द्यायचा, चाव्या दारातून द्यायचा. संध्याकाळी आकडा सांगणं बंद. इंद्रजित दोनदा बाहेर येऊन उभा राहिला आणि दोन्ही वेळा त्यानं विचारलं ते बॅटरीतल्या पाण्याबद्दल.

सात तारखेला सकाळी आकडा होता एकशे शहात्तर. पूर्ण काम दाखवता येत नाही तर काहीतरी दाखवावं म्हणून त्यानं घाईघाईनं एक आलेख काढला. तिन्ही वेगांचा, गोळे वाढत जातात तसा थर किती भरीव होत जातो, एवढाच. तो कागदही त्यानं नीट पाहिला नाही. पहिल्या गोळ्यापासून आजवर त्यानं यंत्र चालू आहे की बंद एवढंच पाहिलं होतं. आत काय झालं ते दोनशे पुरे झाल्यावर बघायचं, अशी त्याची शिस्त होती.

समितीत तिघे होते, शिवाय त्याची गाइड विमलताई खंडारे. त्यानं आधीच कबूल करून टाकलं की दोनशे झाले नाहीत, आणि आता कोसळणार म्हणून टेबलाची कड धरली. बाहेरगावाहून आलेले एक म्हातारे प्राध्यापक होते. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, दोनशेच का? इंद्रजितनं विमलताईंकडं पाहिलं. विमलताईंनी फाइल उघडली, नऊ वर्षांपूर्वीचा आराखडा काढला आणि त्याच्यापुढं सरकवला. दोनशे हा आकडा त्याच्याच अक्षरात होता. कोणी सांगितलेला नव्हता. एकोणतीस वर्षांच्या इंद्रजितला तो बरा वाटला होता, बस. त्याला वाटायचं गाइडनं घातला. गाइडला वाटायचं याचा काही अभ्यास असेल.

म्हाताऱ्यांनी मग आलेखावर पेन्सिल ठेवली. एकशे दहाव्या गोळ्यापर्यंत हळू गोळ्यांची रेघ चढत होती. तिथून पुढं सपाट होती, अगदी पट्टी ठेवून ओढल्यासारखी. "पाईकराव, इथून पुढं नवीन काहीच घडत नाहीये," ते शांतपणे म्हणाले. "एकशे वीसला थांबला असतात तरी चाललं असतं. बाकीच्या दोन वेगांचंही तसंच दिसतंय. काम उत्तम आहे. लिहून द्या."

झालं. दहा मिनिटांत मंजूर. विमलताईंनी अभिनंदन केलं, चहा आला, बिस्किटं आली. माणसानं आनंदानं उडी मारावी, तर इंद्रजितला उडी मारायची सोडून कोणाचं तरी डोकं फोडावंसं वाटत होतं, आणि ते डोकं स्वतःचंच होतं हे आता कागदोपत्री सिद्ध झालं होतं. बसमध्ये त्यानं फुकट गेलेले दिवस मोजायला घेतले. दोन वेगांचे ऐंशी-ऐंशी जादा गोळे, तिसऱ्याचे साठ-सत्तर, पुन्हा पुन्हा केलेले रन, चुकवलेली लग्नं, दर दोन तासांच्या चकरा. वाटेतल्या दारव्ह्याच्या आधीच मोजणं सोडून दिलं. एक गोष्ट मात्र सोडता येईना. पूजा झाली तेव्हा आकडा एकशे पंचावन्न होता. धावजीमामानं यंत्र बंद केलं तेव्हा काम केव्हाच संपलेलं होतं. त्यानं काहीच बिघडवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन कॉलेजात गेला. पंजाबरावांनी दोन उचलले आणि म्हणाले, बघा, पूजेचा गुण. इंद्रजितनं दात आवळले. लॅबच्या दारात धावजीमामा स्टुलावर होता. त्यानं पेढा घेतला, कपाळाला लावला, खाल्ला आणि चांगलं झालं सर म्हणाला. आवाजात खोट नव्हती.

इंद्रजितनं त्याला आत यायला सांगितलं. तो आला, पण दारापासून दोन पावलंच. यंत्र घरघरत होतं, आकडा एकशे त्र्याण्णव. इंद्रजित म्हणाला की आता याची गरज राहिली नाही, मामा, तुम्हीच बंद करा. त्याला वाटलं होतं एवढ्यानं काम भागेल, माफी मागायची वेळ येणार नाही, मोठ्या मनानं बटण दाबायला सांगितलं की मामा हसेल आणि चहा आणायला जाईल.

"मी नाही हात लावत," धावजीमामा म्हणाला.

त्यात राग नव्हता. साहेबांनी सांगितलेला नियम पाळावा तसं तो म्हणाला, आणि त्यामुळं इंद्रजितला पळायला वाट राहिली नाही. मग तो बोलला. उभ्यानंच बोलला, पेढ्यांचा पुडा हातात धरून. म्हणाला की मी बोललो ते चुकीचं होतं, यंत्रामुळं नाही, यंत्राचं तर काही बिघडलंच नव्हतं. बिघडलं असतं तरी ते चुकीचंच होतं. "मामा, हेच वाक्य माह्या बापाले लोक बोलत होते."

"मले माहीत आहे," धावजीमामा म्हणाला. "पंजाबराव बोलले असते त मी दुसऱ्या दिवशी विसरून गेलो असतो. आमाले सवय आहे. तुम्ही बोलले म्हणून नाही विसरता आलं."

धावजीमामानं खिशातलं फडकं काढलं आणि यंत्राजवळ आला. बंद करायचं असेल तर तुम्ही करा, म्हणाला, मी पुसून ठेवतो. त्यानं वरची बाजू पुसली, मागची जाळी पुसली, कागदावरचं वाळलेलं कुंकू हलक्या हातानं झटकलं. बटणाभोवती फडकं फिरवलं. बटण पुसलं नाही.

मग तो बाजूला सरकून उभा राहिला, आणि इंद्रजितनं पुढं होऊन यंत्र स्वतःच्या हातानं बंद केलं.